गाठीवर भार टाकल्यावर

राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरात गाठींची परीक्षा माझ्याकडे असली की मी मुलाला दोन गोष्टी करायला सांगतो. आधी गाठ मार, मग तिच्यावर भार टाक. क्लोव्ह हिच असेल तर आडव्या बांबूला दोर बांधून त्याला लोंबकळायचं. शीट बेंड असेल तर जाड चऱ्हाट आणि बारीक सुतळी जोडून दोन्ही बाजूंनी दोघांनी ओढायचं. गाठ मारण्यात बहुतेक मुलं पार होतात. पुस्तकातली आकृती त्यांनी शंभर वेळा पाहिलेली असते. खरं काय ते भार पडल्यावर कळतं. रीफ नॉटच्या जागी एक वेढा उलटा पडून ग्रॅनी नॉट झाली असेल, तर दिसायला ती जवळपास तशीच असते, पण ओढ बसली की सरकते. मूल माझ्याकडे बघतं, मी दोराकडे बघतो. मला काही बोलावं लागत नाही.

मी सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नोकरीला लागलो तेव्हाच मुख्याध्यापकांनी शाळेचं स्काऊट पथक माझ्या हवाली केलं. पुढे मी बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स केले, हिमालय वुड बॅज घेतला आणि इतर शाळांच्या मुलांची परीक्षा घ्यायलाही जाऊ लागलो. एवढ्या वर्षांत एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. आपण पदक देतो ते नेमकं कशाला? मुलाने घेतलेल्या कष्टाला, की त्याच्या हातात आलेल्या कसबाला?

भारत स्काऊट्स आणि गाईड्सची चढण बाहेरच्या माणसाला फारशी माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. लहान मुलं कब आणि मुली बुलबुल. त्यांचे चार चरण आणि त्यापुढे गोल्डन ॲरो. वयाची दहा वर्षं झाली की स्काऊट-गाईड. आधी प्रवेश, मग दीक्षाविधी, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान. त्यानंतर राज्य पुरस्कार, ज्याच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते, आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. या वाटेवर जोडीला प्रावीण्य पदकं मिळवायची असतात. कुक, पायोनिअर, पाथफाइंडर, नॅचरलिस्ट, ॲम्ब्युलन्स मॅन अशी कितीतरी. बाहीवर शिवलेला तो कापडाचा छोटासा तुकडा. करड्या शर्टावर तो उठून दिसतो, आणि नव्याने मिळाला असेल तर मूल चालताना तो हात शरीरापासून जरा लांब धरतं. हे मी इतक्या मुलांत पाहिलं आहे की आता ते पाहिलं नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं.

स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यात उमरावांच्या शाळांतली मुलं होती आणि कामगारांचीही होती, आणि ती एकाच संघात मिसळून ठेवली होती. पुढे १९१९ मध्ये स्काऊटमास्तरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी पदकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट केली. पदकाचं माप कामाच्या दर्जात नसून मुलाने त्यासाठी किती धडपड केली यात आहे, अशा आशयाचं ते म्हणणं आहे. प्रशिक्षणात मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार उदार वाटलं आणि अजूनही वाटतं. पण शिबिराच्या मैदानावर उभं राहिलं की हे माप सगळीकडे सारखं लावता येत नाही. कुठे ते अपुरं पडतं, कुठे धोक्याचं ठरतं, आणि कुठे त्याच्याशिवाय काही चालत नाही.

धनगरवाड्यावरून एक मुलगा आमच्या शाळेत येत असे. डोंगर उतरून, ओढा ओलांडून, पावसाळ्यात चिखलातून. वर्गात तो शेवटच्या बाकावर. वाचन कच्चं, वह्या अर्धवट. पथकात मात्र तो पहिल्याच दिवसापासून संघनायकाच्या शेजारी असायचा. बोलाइन शिकवायला मी दोर हातात घेतला, फास केला, टोक खालून वर काढून मागच्या दोराभोवती फिरवलं आणि परत फासात घातलं. मुलांना ही गाठ अवघड जाते. हा पोरगा हसला आणि म्हणाला, "सर, ही आमच्याकडं वासराच्या गळ्यात मारत्यात. सरगाठ मारली तर वासरू ओढाओढीत गळफास लागून मरतंय." मग त्याने माझ्या हातातून दोर घेऊन ती गाठ एका हाताने मारली. मला एका हाताने येत नव्हती. त्याने ती आम्हा सगळ्यांना शिकवली.

त्या तासाला मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याला विचारत बसलो. कासरा कुठे कसा बांधतात, दाव्याची गाठ खुंट्याला का सरकत नाही, विहिरीच्या सोलाला घागर कशी अडकवतात, बैलाच्या वेसणीची गाठ कशी असते, गवताचे भारे बांधताना पेंढीचाच दोर कसा वळतात. त्याला या कशाचीही पुस्तकातली नावं ठाऊक नव्हती. गाठी मात्र सगळ्या होत्या. प्रथम सोपानात ज्या गाठी आम्ही महिनाभर घोटून घेतो त्या तो घरून घेऊन आला होता, आणि त्या कधी सुटतात, कधी अडकतात, ओल्या दोरावर कशा आवळतात हेही त्याला माहीत होतं.

आता सांगा, याच्या बाबतीत धडपडीचं माप लावायचं तर काय लावायचं? गाठींसाठी त्याने शाळेत काडीइतकी धडपड केली नाही. त्याची धडपड घरी झाली होती, सहा-सात वर्षांचा असल्यापासून, बापाबरोबर मेंढरांमागे. तिची नोंद कोणत्याही लॉगबुकात नव्हती. शाळेने त्याच्या हातातलं हे कसब पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याच्या शर्टावर पदक शिवलं गेलं तेव्हा त्याचा बाप शाळेत आला होता, घोंगडी खांद्यावर, काठी हातात. त्याने ते पदक बोटाने चाचपून पाहिलं आणि मला विचारलं, "कशाचं हाय?" मी म्हणालो, "दोर बांधण्याचं." तो म्हणाला, "हे त्याला मीच शिकवलंय." मी म्हणालो, "म्हणूनच मिळालं." या पदकांचा सगळ्यात मोठा उपयोग मला तिथे दिसला. घरात, शेतात, रानात जे कसब पिढ्यान्पिढ्या चालत आलं आणि ज्याला गुणपत्रिकेत कधी रकाना मिळाला नाही, त्याला शाळेच्या सही-शिक्क्यानिशी मान मिळाला.

याच्या अगदी उलट एक मुलगा होता, तालुक्याच्या गावातून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याचा. घरी गॅस, चूल कधी पाहिलेली नाही. काडेपेटी हातात धरायची भीती. शेकोटीसाठी किंवा स्वयंपाकासाठी विस्तव पेटवण्याची आमची परीक्षा दोन काड्यांत असते. कागद नाही, रॉकेल नाही. रानातून जे मिळेल ते. कोरड्या दिवसात हे सोपं. पण आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सगळं ओलं असतं, आणि शिबिराची तयारी त्याच दिवसांत चालते.

त्या मुलाने पूर्ण पावसाळा शाळेमागच्या शेडमध्ये आग पेटवण्यात घालवला. आधी त्याला कळलं की जाड लाकूड काडीने पेटत नाही. मग कळलं की बारीक काटकीसुद्धा ओली असेल तर नुसती धुमसते. मग त्याने शिपाईमामांकडून शिकून घेतलं की पावसात जमिनीवर पडलेलं लाकूड उचलायचं नसतं, झाडावरच वाळलेली फांदी मोडायची. ती मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. उंबराखाली पडलेल्या सालीपेक्षा छपराखाली टांगलेलं ज्वारीचं चिपाड बरं. कारवीच्या वाळक्या काड्या सगळ्यात छान, पण त्या आधीच गोळा करून ठेवायला हव्यात. जळाऊ लाकडाची वरची ओली साल कोयत्याने काढली की आत कोरडं निघतं आणि त्याचे पातळ ढलपे काडीला लगेच धरतात. वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, पण वारा पूर्ण अडवायचा नाही, कारण जाळाला हवा लागतेच. मी हे सगळं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत सांगून झालं असतं. त्याला ते स्वतः सापडायला तीन महिने लागले. शिबिरात त्याची आग दुसऱ्या काडीला पेटली, तीही धुराने डोळे चुरचुरत असताना, आणि भात थोडा कच्चा राहिला. धनगराच्या पोराने त्याच वेळात एका काडीत जाळ करून भाकरीसुद्धा थापली असती. पण पदक मी दोघांनाही सारख्याच आनंदाने दिलं. इथे बेडन-पॉवेलांचं माप बरोबर बसतं. ज्याला काहीच येत नव्हतं त्याने कुठून कुठवर मजल मारली, ते पाहायचं.

अंदाज बांधण्याच्या परीक्षेत मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो, त्याचं कारण मी विज्ञानाचा शिक्षक आहे हे असावं. नदीची रुंदी पलीकडे न जाता मोजायची. पैलतीरावरचं एखादं झाड हेरायचं. त्याच्या बरोबर समोर आपल्या काठावर खुंटी ठोकायची. तिथून काठाने सरळ वीस पावलं जाऊन दुसरी खुंटी, त्याच रेषेत आणखी दहा पावलं जाऊन तिसरी. मग तिसऱ्या खुंटीपासून नदीकडे पाठ करून काटकोनात चालत राहायचं, मधली खुंटी आणि पलीकडचं झाड एका ओळीत दिसेपर्यंत. जितकं चाललात त्याची दुप्पट म्हणजे नदीची रुंदी. दहावीच्या पुस्तकातले समरूप त्रिकोण हे असे मातीवर उतरतात. आम्ही हे कोयनेच्या काठी, पुलाच्या जवळ करतो, कारण मग पुलावर जाऊन टेपने मोजून पाहता येतं. आकडा जवळपास जुळला की मुलं आरडाओरडा करतात, नाही जुळला की काठावर परत धावतात आणि कुठे काटकोन चुकला ते शोधतात. गणिताच्या तासाला चुकलेलं उत्तर तपासायला मी मुलांना कधी धावताना पाहिलेलं नाही.

रात्रीची दिशा ओळखणंही तसंच. सप्तर्षी दिसत असतील तर त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव सापडतो. पण हिवाळ्यातल्या शिबिरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून शोधावा लागतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने पुस्तक पाठ केलं आहे, आकाश पाहिलेलं नाही, असं मी समजतो. साताऱ्यातून ध्रुव क्षितिजापासून फार वर नसतो. आपल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे साधारण सतरा-अठरा अंशांवर. चारी बाजूंनी डोंगर असले तर तो दिसतच नाही. मग वाटेवर कुणी मागोव्याच्या खुणा ठेवल्या असतील तर त्या वाचायच्या. दगडावर दगड, गवताची गाठ, मातीत काढलेला बाण. यातली शेवटची खूण म्हणजे वर्तुळ आणि मध्ये टिंब, घरी गेलो आहे अशा अर्थाची. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलांच्या समाधीच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. मुलांना हे सांगितलं की ती खूण काढताना जरा सावकाश काढतात.

आता ती जागा, जिथे धडपडीचं माप मी लावत नाही. ॲम्ब्युलन्स मॅनचं पदक. प्रथमोपचार.

एक मुलगा होता, अतिशय मनापासून शिकणारा. वही सुंदर, आकृत्या सुबक, त्रिकोणी पट्टी बांधण्यात तरबेज. स्काऊटचा स्कार्फ गळ्यातून काढून तो काही क्षणांत हाताची झोळी बांधायचा, दोन काठ्या आणि दोन शर्ट घेऊन स्ट्रेचर बनवायचा. परीक्षेत मी त्याला सर्पदंश दिला. त्याने घोट्याच्या वर दोरी घट्ट आवळली, दंशाच्या जागी चीर देण्याचा अभिनय केला आणि रक्त पिळून काढायला लागला. घरी, गावात, सिनेमात त्याने तेच पाहिलं होतं. जुन्या पुस्तकांतही तेच होतं. मी त्याला त्या दिवशी पदक दिलं नाही.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे वडील मला भेटायला आले. ते रागावले नव्हते, फक्त समजून घ्यायला आले होते. मी त्यांना सांगितलं की आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप माणसाला सगळ्यात जास्त मारतात. आवळलेल्या पट्टीने विष थांबत नाही, उलट पाय काळा पडून जाऊ शकतो. चीर दिली तर घोणसाच्या किंवा फुरशाच्या विषाने पातळ झालेलं रक्त थांबत नाही. करायचं काय तर माणसाला धीर द्यायचा, अंगठी-कडं काढायचं, पाय काठी बांधून हलू द्यायचा नाही, चालू द्यायचं नाही, आणि जिथे प्रतिसर्पविष लस आहे अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्यायचं. ही लस या चारही सापांवर चालते. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास म्हणजे प्राण. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग गुरुजी, हे गावात पण सांगा की."

मुलगा दोन महिन्यांनी परत परीक्षेला बसला. त्याने सगळं बरोबर केलं, शिवाय रुग्णालयाचं नाव, तिथपर्यंतचं अंतर आणि गाडी असलेल्या तीन घरांची नावं तोंडपाठ करून आला होता. ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. पदक त्याला तेव्हा मिळालं. त्याने पहिल्या वेळी केलेली धडपड दुसऱ्या वेळेपेक्षा कमी नव्हती. पण या पदकावर उद्या कुणीतरी विश्वास ठेवणार आहे. जत्रेत, शाळेच्या सहलीत, रस्त्याच्या अपघातात लोक त्या बाहीकडे बघून म्हणणार, याला येतं. म्हणून इथे मी हात पाहतो. छाती दाबण्याचा सराव घेताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, तीस दाबांनंतर दोन श्वास, हे तोंडी सांगितलेलं मी धरत नाही. मुलाने पुतळ्यावर दोन मिनिटं न थांबता दाबून दाखवायचं. दोन मिनिटं म्हणजे किती वेळ असतो ते तेव्हा कळतं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. मुलांनी वर्षानुवर्षं रानावनात घालवलेल्या वेळेची ही दखल आहे आणि ती असावी असंच मला वाटतं. पण गुण आले की त्यामागे घाई येते. एका चाचणी शिबिरात माझ्यासमोर एकाच शाळेची लॉगबुकं आली. सगळ्यांची मुखपृष्ठं एकसारखी, आतली चित्रं एकाच हाताची, प्रत्येकाच्या हायकिंगच्या नोंदीत तोच ओढा आणि तोच पक्षी. मी एका मुलाला विचारलं, "हा ओढा कोणत्या दिशेला वाहतो?" त्याला ठाऊक नव्हतं. तो तिथे गेलाच नव्हता. त्या मुलाचा चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता, त्याला कुणीतरी ती वही हातात दिली होती. त्याला ओढा दाखवला असता तर त्याने तो आनंदाने पाहिला असता. दहा-बारा वर्षांच्या मुलाला डोंगरावर न्यायचं सोडून त्याच्याकडून डोंगराचं वर्णन उतरवून घ्यायचं, यात त्याचं केवढं नुकसान आहे! गुण मिळतात, पण ज्याचे गुण मिळाले ते त्याच्याकडे नसतं, आणि हे त्याला स्वतःला माहीत असतं. चौदा-पंधराव्या वर्षी ही जाणीव वागवायला फार जड.

म्हणून मी आमच्या जिल्ह्यातल्या तरुण स्काऊट शिक्षकांना सांगतो, वही शेवटी पाहा. आधी मुलाला मैदानावर न्या. तंबूची दोरी सैल करा आणि म्हणा, ओढून बसव. दोन बांबू द्या आणि स्क्वेअर लॅशिंग मागा. क्लोव्ह हिचने सुरुवात, तीन फेरे, मग दोन बांबूंच्या मधून आवळणारे दोन फेरे, शेवटी दुसऱ्या बांबूवर क्लोव्ह हिच. आवळणारे फेरे ज्याने दिले नाहीत त्याचा साकव पहिल्याच पावलाला डगमगतो. आम्ही पायोनिअरच्या परीक्षेत ओढ्यावर खरोखर साकव बांधतो, आणि परीक्षक म्हणून पहिला मी त्यावरून चालत जातो. मुलांनी बांधलेल्या गोष्टीवर आपण पाय ठेवला की त्यांच्या लक्षात येतं की हे काम खरं आहे.

मला या पदकांबद्दल एवढी आस्था का, असं मला कुणी विचारलं तर मी इतिहासाकडे बोट दाखवतो. स्काऊटिंग हिंदुस्थानात आलं १९०९ मध्ये, बंगळुरूला, पण ते इंग्रजांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. एतद्देशीय मुलांना त्यात जागा नव्हती. १९१३ च्या सुमारास मध्य प्रांतात विवियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी पथकं सुरू केली. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये वेगळी संस्था काढली, अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. अशा कितीतरी संस्था स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र आल्या आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना झाली. पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही त्यात आली. म्हणजे आमच्या धनगरवाड्यावरच्या मुलाच्या बाहीवर ते कापड यावं म्हणून कुणाला तरी आधी भांडावं लागलं आहे. तू या कामाला लायक आहेस, असं त्या मुलाला सांगण्याचा अधिकार मिळवावा लागला आहे. तो आपण एखाद्या उतरवून घेतलेल्या वहीवर खर्च करू नये.

अलीकडे मी एक गोष्ट नेमाने करतो, आणि नियमांना ती धरूनच आहे. प्रावीण्य पदकाची परीक्षा त्या त्या विषयातल्या जाणकाराने घ्यावी, अशी पद्धत आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा शिक्षकच परीक्षक असतात, कारण ते हाताशी असतात. मी गावातली माणसं शोधू लागलो. प्रथमोपचाराला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येतात. झाडं ओळखण्याच्या परीक्षेला एक निवृत्त वनरक्षक येतात. ते मुलांना पान हातात देत नाहीत, डोळे मिटून साल चाचपायला लावतात. ऐन आणि हिरडा सालीवरून ओळखायला त्यांनी मलाही शिकवलं. गाठींना आता तोच धनगर येतो, घोंगडी खांद्यावर, आणि एकाही मुलाला गाठीचं नाव विचारत नाही.

कुकच्या पदकाला आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी असतात. गेल्या खेपेला आठ जणांच्या संघाला पिठलं-भात करायचा होता, आणि भांड्यांशिवाय एक पदार्थ. मुलांनी केळीच्या पानात पानगी केली होती. मी चव घेऊन मान डोलावली. मावशी चुलीकडेच बघत होत्या. त्यांनी संघनायकाला पहिल्यांदा विचारलं, "पाणी किती लागलं?" तो म्हणाला, तीन बादल्या. "आणलं कुठनं?" हापशावरनं. "कुणी आणलं?" त्याने दोन मुलांची नावं घेतली. मावशी त्या दोघांकडे वळून म्हणाल्या, "तुमी जेवला का?" ते दोघं अजून भांडी घासत होते, जेवले नव्हते. पिठल्याच्या पातेल्यात तळाला जेमतेम एक डाव उरलं होतं.

मावशींनी परीक्षेचा कागद बाजूला ठेवला आणि संघनायकाला म्हणाल्या, "बाळा, पिठलं चांगलं झालंय. पण पाणी आणणाऱ्याला पुरलं नाही म्हंजे आठ जणांचं झालं नाही. बेसन आहे अजून? मग ठेव परत चुलीवर." त्याने परत फोडणी केली. ती दोन मुलं जेवून उठली, हात धुतले, चूल पाणी मारून विझवली गेली, राख चाळवून आत निखारा नाही ना हे मावशींनी स्वतः हात जवळ नेऊन पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि संघातल्या आठही मुलांच्या कागदांवर एकेक करून सही केली.